घरातून निघाल्यापासून गोळी पोटात जाईस्तोवर : आपल्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) दिव्यांग माणूस नेमका कुठं अडतो?

पांदणवाट (जिंतूर, जि. परभणी)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून हा धागा काढायचा होता, आज सुट्टी आहे म्हणून बसलोय लिहायला. लांब होईल, सांभाळून घ्या.

आमच्या गावातून पीएचसीच्या रुग्ण कल्याण समितीला आणि ग्रामसभेत एक अर्ज द्यायचाय, दिव्यांग आणि थकलेल्या माणसांना सरकारी दवाखान्यात काय काय अडचण येती त्याबद्दल. पोरं म्हणाली "रॅम्प बांधून मिळावा" एवढं लिहा, सरपंचाची सही घ्या, झालं. मला ते पटत नाही कारण रॅम्प आहे आमच्याकडं. माझा चुलतभाऊ विहिरीच्या कामावर वरून पडला, कमरेखाली ताकद नाही, हातानं चालवायच्या तीनचाकीवर असतो. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत पांदण, आपली काळी माती, पाऊस झाला की चाक आणि मडगार्डच्या मधी गारा भरतो आणि चाक फिरायचंच बंद होतं, मग काडीनं गारा काढत काढत पुढं सरकायचं. दवाखान्यात पोचलं की रॅम्पवर मोटरसायकली लावलेल्या, त्या कुणाच्या आहेत ते हुडकायचं. रॅम्प इतका उभा की एकानं पुढून ओढायचं आणि दोघांनी मागून रेटायचं, आणि एवढं करून वर गेलं की व्हरांड्याच्या तोंडाशी चार बोटं उंचीची एक पायरी तशीच सोडलेली. दारातून तीनचाकी आत जात नाही, म्हणून तिथून पुढं उचलून. चाळिशीतल्या माणसाला सगळ्या ओपीडीसमोर लेकरागत उचलून न्यायचं. तो आता म्हणतो मला नाही यायचं, गोळ्या तूच आण. मधी त्याला बसून बसून बेडसोअर झाला तर डॉक्टरांनी जखम प्रत्यक्ष बघितलीच नाही, मी मोबाईलमधला फोटो दाखवला आणि मलम घेऊन आलो. जखम किती खोल आहे ते फोटोत कळतं का सांगा.

तर विनंती अशी की तुमच्याकडं कुठं कुठं अडतं ते लिहा. ऐकलेलं नको, स्वतःचं किंवा घरातलं. दवाखान्याचं आणि माणसांचं नाव टाकू नका, नाव आलं की भांडण सुरू होतं आणि मुद्दा बाजूला राहतो.

तेरणेकाठ (औसा, जि. लातूर)

सर चांगला धागा काढलात. माझी आई 1993 च्या भूकंपातली. 30 सप्टेंबरच्या पहाटे माळवद कोसळलं त्यात डावा पाय गुडघ्याखाली गेला. त्या वेळी कुठून कुठून डॉक्टर आले, नकली पाय मिळाला, तिनं त्या पायावर शेत केलं, आम्हाला शिकवलं. आता सत्तरी ओलांडली, चांगल्या पायाचा गुडघा घासला, शुगर आहे, नकली पाय घट्ट होतो म्हणून घालत नाही, कुबडीवर असती. आमच्या पट्ट्यात अशी माणसं लै आहेत, भूकंपात वाचलेली आणि आता म्हातारी झालेली.

तिची अडचण रॅम्पची नाहीच, आतली आहे. तपासायचं टेबल तिच्या कमरेच्या वर, त्यावर चढायला जो लोखंडी स्टूल आहे तो डुगडुगतो. एका पायावर उभी राहून ती त्यावर चढणार कशी? मग स्टुलावर बसवूनच तपासतात. पोटात दुखायलंय म्हणून नेली तर पोटाला हात न लावता चिठ्ठी. वजनकाट्यावर उभं राहता येत नाही म्हणून वजनाच्या जागी अंदाजे आकडा.

आणि संडास. एक कमोडचा संडास बांधलेला आहे पण त्याला कुलूप, आत फिनाईलचे कॅन आणि जुनी रजिस्टरं. म्हणून आई दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाही. एप्रिल-मे मधलं ऊन, शुगर-बीपीच्या गोळ्या, आणि घोटभर पाणी नाही. हे अर्जात नक्की लिहा सर. कुलूप काढायला कुठला निधी लागत नाही.

बोटांची_भाषा (नांदेड)

मला जन्मापासून ऐकू येत नाही. टायपिंग फास्ट आहे त्यामुळं इथं मी तुमच्यातलीच एक असते. दवाखान्यात तसं होत नाही.

सासर खेड्यात. तिथल्या दवाखान्यात नाव पुकारतात. मी दाराकडं बघत बसते, कुणी बाई उठली की मला वाटतं माझा नंबर गेला का. दोनदा पुकारून कुणी उठलं नाही की पेपर खाली टाकतात, मग मी सगळ्यात शेवटी. केसपेपर देतानाच चिठ्ठीवर नंबर लिहून दिला आणि बाहेर पाटीवर चालू नंबर खडूनं लिहीत गेलं तर काय बिघडतं? खडू आणि पाटी, बस.

दुसरं लिहायला जड जातंय पण लिहिते. लग्नानंतर मला अंगावरून जायचा त्रास सुरू झाला. घरात गाडी चालवणारे दीर, म्हणून दिरांबरोबर गेले. डॉक्टरांनी सगळं दिरांना विचारलं. पाळी कधी आली होती हेसुद्धा. दीर मान खाली घालून उभे. मी घरूनच वहीत सगळं लिहून नेलं होतं, तारखा, किती दिवस, काय होतंय. वही टेबलावर पुढं सरकवली. डॉक्टरांनी ती न वाचताच बाजूला केली, गर्दी होती. गोळ्या मिळाल्या, कशाच्या ते मला कळलं नाही, दिरांना विचारायची सोय नाही. त्यानंतर त्या त्रासासाठी मी तिथं परत गेले नाही, वर्षभर तसंच काढलं आणि शेवटी माहेरी आल्यावर शहरात दाखवलं.

मला लिहिता येतं म्हणून निदान वही तरी पुढं करता आली. माझ्याबरोबरच्या कितीतरी मुली मूकबधिर शाळेत चौथी-पाचवीपर्यंत गेल्या, खुणांनी मस्त बोलतात पण मराठी वाक्य लिहिता येत नाही. त्यांना कागद-पेन दिलं की झालं असं समजू नका.

आणि 108 ला फोन लावायचा म्हणजे बोलावंच लागतं. रात्री घरात मी आणि लहान मूल असलो तर मी काय करायचं?

गंगथडी (गेवराई, जि. बीड)

बोटांची_भाषा ताई, तुमचं मोबाईलनं मला वाचून दाखवलं. मला दिसत नाही. बारावीत असताना नजर गेली, आता पन्नाशी. तुमची वही बाजूला केली तसं माझं तोंड बाजूला करतात म्हणा ना. मी खुर्चीत बसलेला असतो आणि डॉक्टर बायकोला विचारतात "यांना काय होतंय?" मला दिसत नाही, ऐकू येतंय, बोलता येतंय, दुखतंय ते मलाच दुखतंय. बायको बिचारी म्हणती अहो त्यांनाच विचारा, तरी पुढचा प्रश्न परत तिलाच. आणि बीपी-शुगरचा आकडा सगळ्या लाईनीसमोर मोठ्यानं सांगतात, "तीनशेच्या वर गेली रे तुझी, गोड खातोस का". मी गावात भजनी मंडळात पेटी वाजवतो, लोक मला अप्पा म्हणतात, आणि इथं अरे-तुरे.

आता गोळ्यांचं सांगतो कारण ह्यात जीव जाऊ शकतो. आमच्याकडं गोळ्या स्ट्रिप कापून देतात किंवा डब्यातून काढून कागदाच्या पुडीत. माझी बीपीची आणि शुगरची गोळी दोन्ही गोल, दोन्ही पांढऱ्या, हाताला एकसारख्या. पुडी झाली की मला काय कळणार कुठली कुठली? मी स्वतः काढलेली युक्ती अशी की अख्खी स्ट्रिप मागून घ्यायची, सकाळच्या स्ट्रिपला एक रबर, रात्रीच्या स्ट्रिपला दोन रबर, जेवणाआधीची असेल तर स्ट्रिपचा कोपरा कात्रीनं उडवायचा. औषध देणाऱ्या माणसाला हे तिथल्या तिथं करायला एक मिनिट लागतं. पण दर महिन्याला कंपनी बदलून येती, कधी स्ट्रिप मोठी कधी गोळी लांबट, आणि बदलली आहे हे कुणी सांगत नाही. बदललं की तोंडानं सांगा, एवढं अर्जात टाका. ज्यांना वाचता येत नाही त्या म्हाताऱ्या माणसांना पण ह्याचाच उपयोग.

उपकेंद्र_सिस्टर

मी एएनएम म्हणजे उपकेंद्रातली आरोग्य सेविका आहे, जिल्हा लिहीत नाही. सगळं वाचलं. बोटांची_भाषा ताईंचं वाचून फार वाईट वाटलं.

आमची बाजू पण ऐका. सकाळच्या ओपीडीला लाईन दारापर्यंत असते, कधी कधी दोन मेडिकल ऑफिसरपैकी एक मीटिंगला नाहीतर ट्रेनिंगला, आणि प्रत्येक पेशंटचं रजिस्टरमध्ये लिहा, परत पोर्टलवर भरा, नेट नसलं तर रात्री घरी बसून भरा. मैदानी भागात 30 हजार लोकांमागे एक पीएचसी आणि 5 हजारांमागे एक उपकेंद्र हे प्रमाण आहे, त्यात पेशंटला मिळतात दोन-तीन मिनिटं. खुणांची भाषा आम्हाला कुणी कधी शिकवली नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत लसीकरण, कुटुंब नियोजन, टीबी, डेंग्यू सगळ्याचं ट्रेनिंग झालं, न ऐकणाऱ्या बाईशी कसं बोलायचं ह्याचं नाही. कुणी शिकवलं तर शिकू.

माझ्या हातात होतं तेवढं मी केलं ते सांगते. एका बाळंतिणीला ऐकू येत नव्हतं, तर आठव्या महिन्यापासून ती तपासणीला आली की आम्ही दोघींनी खुणा ठरवून ठेवल्या, मनगट दाबलं की जोर लाव, तळहात उघडा दाखवला की थांब, खांद्यावर हात ठेवला की सगळं ठीक आहे. डिलिव्हरीच्या वेळी मास्क खाली घेऊन तिला तोंड दिसेल अशी उभी राहिले. काही अवघड गेलं नाही. अवघड जातं ते अचानक रात्री आलेल्या पेशंटचं, ज्याची ओळख नाही.

म्हणून अर्जात असं लिहा की आशाताईंकडं घरोघरची माहिती असतेच, त्यातून कोण दिव्यांग आहे, त्याच्याशी बोलायचं कसं, घरी जाऊन तपासायची गरज आहे का, ह्याची यादी पीएचसीत ठेवा. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला घरी जाऊन बघणं हे आता आमच्या कामातच आहे. पांदणवाट सर, तुमच्या भावाची जखम घरी येऊन बघायला पाहिजे होती, तुम्ही उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना म्हणजे सीएचओंना भेटा, ड्रेसिंग तिथून व्हायला पाहिजे. आणि रॅम्पवरच्या गाड्या पेशंटच्याच असतात असं नाही, स्टाफच्या पण असतात, तेही लिहा.

रोखठोक

सगळ्यांचा मान ठेवून विचारतो, एवढी ओढाताण करण्यापेक्षा खाजगीत का दाखवत नाही? किंवा ते ऑनलाईन डॉक्टर, ई-संजीवनी, ते तर घरबसल्या होतं. सरकारी दवाखाना सुधारेल ह्याची वाट बघण्यात माणसाचं नुकसान होतंय.

तेरणेकाठ (औसा, जि. लातूर)

@रोखठोक भाऊ, तालुक्याला खाजगी दवाखाने बघा कुठं आहेत ते. खाली मेडिकल आणि वरच्या मजल्यावर दवाखाना, जिना एका माणसाचा. आईला खाली टमटममधी बसवून डॉक्टरांना खाली या म्हणून विनवणी करावी लागती. आणि पैसा. सरकारीत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसुद्धा फुकट आहे, पण आईला तिथवर न्यायला टमटम स्पेशल करावी लागती, कारण सीटवर चौघं बसलेल्या टमटममधी कुबडी घेऊन ती बसू शकत नाही. एसटीत दिव्यांगाला 75 टक्के सवलत आहे, पास आहे तिच्याकडं, पण एसटीची पहिली पायरीच तिच्या गुडघ्याच्या वर. म्हणजे तपासणी फुकट आणि जायचा खर्च दिवसाच्या मजुरीएवढा, त्यात खाजगीची फी कुठून आणायची.

बोटांची_भाषा (नांदेड)

ई-संजीवनीवर मी प्रयत्न केला. समोरचे डॉक्टर बोलत होते, व्हिडिओ अडकत अडकत येत होता, ओठ वाचणं शक्य नाही. चॅटमध्ये लिहून बोललं तर चालतं, डॉक्टर लिहायला तयार पाहिजेत. चांगलं कधी झालं सांगते, माझी एक मैत्रीण बहिरी शाळेत शिक्षिका आहे, तिला ऐकू येतं आणि खुणा पण येतात. शहरातल्या दवाखान्यात मी तिला व्हिडिओ कॉल लावला, फोन टेबलावर ग्लासला टेकून उभा केला, मी खुणांनी बोलले, तिनं डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टर माझ्याकडं बघून बोलले. पहिल्यांदा मी माझी तक्रार पूर्ण सांगितली. ती बाई आहे आणि माझ्या घरातली नाही, म्हणून सांगता आली.

डोंगरपायथा (किनवट, जि. नांदेड)

आमच्याकडं काहून कुणी विचारत नाही माहीत नाही पण आता धागा आहे तर लिहितो. तांड्यावर आणि कोलाम पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, दवाखाना म्हणजे आधी डोंगर उतरायचा. पावसाळ्यात नाल्याला पाणी असलं की गाडी पलीकडंच थांबते, पेशंटला बाजेवर टाकून चौघांनी खांद्यावर आणायचं. गरोदर बाईसाठी 102 ची गाडी आहे, पण ती येते रस्ता असतो तिथपर्यंत. आदिवासी भागात 20 हजारांना एक पीएचसी आणि 3 हजारांना उपकेंद्र, कागदावर आम्हाला जास्त आहे, पण मैलाच्या हिशोबानं बघितलं तर लांबच पडते.

आणि बोलायची अडचण फक्त ऐकू न येणाऱ्याला असते असं नाही ना. माझी आजी गोरमाटी बोलते, पोडावरच्या म्हाताऱ्या कोलामीत बोलतात, खाली बाजारपेठेत तेलुगू. डॉक्टर नवीन पोरगं, बाँडवर म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर आलेलं, पश्चिम महाराष्ट्रातलं नाहीतर मुंबईकडचं. म्हातारी एक सांगते, डॉक्टर दुसरंच समजते, आणि विचारलं "समजलं का" तर म्हातारी मान हलवते कारण साहेबापुढं नाही कसं म्हणायचं. आमच्या तांड्याची आशा आहे म्हणून निभतं, ती आमच्यातलीच, सोबत गेली की दोन्हीकडचं सांगते. पण ती रोज रोज कशी जाईल, तिला त्याचे काही पैसे मिळत नाहीत. अर्जात लिहा की आशाला असं सोबत नेलं तर त्या दिवसाचा मोबदला द्या.

ओळंबा (छ. संभाजीनगर)

मी सिव्हिलवाला. रॅम्पचं सांगतो कारण "रॅम्प पाहिजे" असं लिहिलं की काहीतरी उतार करून बिल निघतं.

माप एकच लक्षात ठेवा, 1 ला 12. एक फूट चढायला बारा फूट लांबी. आपल्याकडं काळी माती फुगते आणि पाणी साचतं म्हणून जोतं उंच घ्यावं लागतं, अडीच फूट धरा, म्हणजे रॅम्प 30 फूट लांब पाहिजे. जागा नसली तर वळवून घ्यायचा, वळणावर सपाट जागा सोडायची, तिथं खुर्ची थांबली पाहिजे आणि वळली पाहिजे. प्रत्यक्षात काय होतं, एस्टिमेटमध्ये रॅम्प म्हणून एक ठोक रक्कम असते आणि पायऱ्यांच्या बाजूला उरेल तेवढ्या जागेत दहा फुटांत बसवून टाकतात. तो रॅम्प औषधांची खोकी वर न्यायला बरा, माणसाला नाही. उतरताना तर चढण्यापेक्षा धोका जास्त.

कठडा दोन्ही बाजूंना पाहिजे. एका बाजूचा हात चालत नसलेला माणूस, लकवा मारलेला, जाताना एका बाजूला धरतो आणि येताना त्याला दुसरी बाजू लागते. वर गुळगुळीत फरशी बसवू नका, पावसात घसरते, सिमेंटवर आडव्या रेघा ओढा. स्टीलचा पाईप दिसायला छान, मे महिन्यात दुपारी हात लावून बघा, वर पत्रा तरी टाका. दाराची मोकळी रुंदी 90 सेंटीमीटर. संडासाचं दार बाहेर उघडणारं, आत उघडणारं असलं तर खुर्ची आत गेल्यावर दार लागतच नाही.

पांदणवाट सर, तुमची ती चार बोटांची पायरी म्हणजे तीन इंच धरा, तीन फूट लांबीचा उतार केला की संपलं, एका गवंड्याचं एका दिवसाचं काम. त्याला टेंडर लागत नाही, रुग्ण कल्याण समितीच्या देखभालीच्या पैशातून होतं. मोठा रॅम्प आणि ही पायरी एकाच मागणीत घालू नका, नाहीतर मोठं काम मंजूर होईपर्यंत छोटं पण अडकतं.

कलम_पंचवीस (लातूर)

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, ह्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व येतं. कलम 25 आरोग्याचं. ग्रामीण भागात जवळपास मोफत उपचार (उत्पन्नाची अट आहे), सरकारी आणि खाजगी दोन्ही दवाखान्यांच्या सगळ्या भागांत अडथळ्याशिवाय जाता आलं पाहिजे, आणि तपासणीत प्राधान्य. "सगळ्या भागांत" हे शब्द महत्त्वाचे, म्हणजे गेटपर्यंत नाही, संडास, लॅब, तपासणीची खोली सगळं. कलम 45 प्रमाणं जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून 5 वर्षांत सुधारायच्या होत्या. नियम जून 2017 मध्ये आले, म्हणजे मुदत 2022 लाच संपली. शिवाय 8 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं राजीव रतुरी केसमध्ये सांगितलं की सुगम्यतेचे निकष हे नुसते मार्गदर्शक म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत, आणि केंद्राला तसे नियम करायला तीन महिने दिले.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो. बऱ्याच ठिकाणी तो वर्षाच्या शेवटी भांडी नाहीतर रोख वाटून संपवतात. लोकांना गरज असते, त्यांना मिळू नये असं मी म्हणत नाही. पण पांदणीवर मुरूम टाकणं, दवाखान्याला जायला गाडीभाडं, ह्यासाठी तो मागता येतो का हे ग्रामसभेत विचारा, आणि उत्तर ठरावात लिहून घ्या.

अर्जाची पोच घ्या. एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, एक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना, आणि दोन-तीन महिन्यांत काही झालं नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडं. सुरुवातीलाच कोर्टाची भाषा लिहू नका, सिस्टर म्हणाल्या तसं माणसं दमलेली आहेत, ती सोबत पाहिजेत.

फडावरून (धारूर, जि. बीड)

आमचं एक टाका सर. पोरगं पाच वर्षांचं, मान उशिरा धरली, अजून नीट बोलत नाही, चालताना तोल जातो. अंगणवाडीत तपासायला गाडी येती म्हणतात, डॉक्टरची टीम. आम्ही दिवाळीनंतर ऊस तोडायला कारखान्यावर जातो ते उन्हाळ्यातच परत, टीम आली तेव्हा आम्ही तिकडं कोपीवर, म्हणजे झोपडीवर. कारखान्याकडच्या दवाखान्यात गेलं तर तुमच्या गावाकडं दाखवा म्हणतात, गावाकडं आलं की म्हणतात आता टीम पुढच्या टायमाला. पोरगं मोठं व्हायलंय.

उपकेंद्र_सिस्टर

@फडावरून दादा, थांबू नका. ती आरबीएसकेची म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम आहे, जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, आणि ती आली तरच तपासतात असं नाही. तुम्ही आता गावात असाल तर आशाताईंना घेऊन पीएचसीत जा, तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर निदान केंद्र असतं तिथली चिठ्ठी मागा, डीईआयसी म्हणतात त्याला. बोलणं, चालणं, ऐकणं सगळं एकाच जागी बघतात. पाच वर्षं झाली म्हणून उशीर झाला असं कुणी म्हणालं तरी जा. कारखान्यावर जायच्या आधी व्यायाम कसे करून घ्यायचे ते शिकून घ्या, तुमच्या मिसेसना सोबत न्या, कोपीवर करता येतात. मला मेसेज करा, मी जिल्ह्याचं नीट विचारून सांगते.

रोखठोक

वाचतोय सगळं. मी खाजगीचं लिहिलं ते माणसाला लवकर आराम पडावा म्हणूनच. जिन्याचं खरं आहे, आमच्या गावचे डॉक्टर पण वरच आहेत. सिस्टर, त्या भाऊंच्या पोराला जिल्ह्याला न्यायला गाडी लागली तर मी धारूरच्या जवळच असतो, सांगा.

पांदणवाट (जिंतूर, जि. परभणी)

मंडळी एवढं मिळेल वाटलं नव्हतं. आज सीएचओ मॅडम घरी येऊन गेल्या, जखम बघितली, मी समजत होतो त्यापेक्षा खोल आहे, एक दिवसाआड ड्रेसिंग सुरू केलंय आणि दर दोन तासाला कूस बदलायला सांगितलंय. सिस्टर, तुमच्यामुळं झालं.

अर्जाचं असं ठरवलंय की आधी बिनपैशाचं लिहायचं. संडासाचं कुलूप, रॅम्पवर गाडी लावू नये, नंबर पाटीवर लिहिणं, स्ट्रिप अख्खी देणं आणि कंपनी बदलली की सांगणं, आणि सगळ्यात वर हे की डॉक्टरांनी पेशंटशीच बोलावं, सोबतच्या माणसाशी नंतर. बोटांची_भाषा ताई, तुमची वहीची गोष्ट नाव गाव न टाकता घेऊ का? त्यानंतर थोड्या पैशाचं, पायरीचा उतार, मजबूत स्टूल नाहीतर खाली-वर होणारं टेबल, आशाचा मोबदला. मग रॅम्प नव्यानं मापात. पांदण ग्रामपंचायतीकडं वेगळी.

अडचण एकच, ग्रामसभा दरवेळी ग्रामपंचायतीच्या वरच्या हॉलमधी होती. भाऊ म्हणाला माझ्याबद्दल बोलायचं आणि मीच खाली, असं नको. सरपंचांशी बोललो, ते शाळेच्या मैदानावर घ्यायला तयार आहेत.

बोटांची_भाषा (नांदेड)

वहीचं घ्या. पण "मूकबधिर महिलेस उपचार मिळावेत" असं नका लिहू, उपचार मिळाले होते. मला विचारलं नाही, हे लिहा. आणि बाईची तपासणी असेल तर घरातल्या पुरुषाला बाहेर थांबवून सिस्टरनी किंवा आशाताईंनी आत थांबावं, हे वेगळ्या ओळीत लिहा, दुसऱ्या कशात मिसळू नका.

ओळंबा (छ. संभाजीनगर)

मी पुढच्या आठवड्यात परभणीकडं येणार आहे, टेप घेऊन येतो, जोत्याची उंची आणि दारं मोजून एक साधं स्केच करून देतो. मापासकट अर्ज गेला की "जागा उपलब्ध नाही" असा शेरा मारता येत नाही.

गंगथडी (गेवराई, जि. बीड)

सर, अर्ज तयार झाला की इथं टाका, मी पण आमच्या पीएचसीला देणार आहे. फक्त कागदाचा फोटो काढून टाकू नका, माझा मोबाईल फोटोतली अक्षरं धड वाचत नाही. टाईप करून टाका.

पांदणवाट (जिंतूर, जि. परभणी)

टाईप करूनच टाकतो अप्पा. स्केचमधली मापं पण शब्दांत लिहितो, म्हणजे तुम्हाला तुमच्या सरपंचांना तोंडपाठ सांगता येतील.